साध्या केकचे शास्त्र आणि कामठीचे हवामान

केकच्या कृतीत मैदा, साखर, लोणी, अंडी यांची मापे असतात आणि भट्टीचे तापमानही असते. खोलीचे तापमान मात्र सहसा कोणी लिहीत नाही. 'लोणी खोलीच्या तापमानाला आलेले असावे' एवढे एक वाक्य येते आणि पुढे सगळे त्यावर सोपवलेले असते. ज्या थंड देशांत या कृती जुळवल्या गेल्या तिथल्या स्वयंपाकघरात १८ ते २० अंश सेल्सिअस गृहीत धरायचे. कामठीत मे महिन्याच्या दुपारी स्वयंपाकघर ४० अंशांच्या घरात जाते आणि डिसेंबरच्या सकाळी तेच घर थंडगार पडलेले असते. शेजारच्या नागपूरला मे २०१३ मध्ये ४७.९ अंश आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश तापमान नोंदले गेले. एवढ्या अंतरावरच्या दोन टोकांमध्ये एकच कृती जशीच्या तशी चालेल, अशी अपेक्षा धरणेच चूक आहे. केक बसला की आपण हाताला, ओव्हनला, नाहीतर मैद्याला बोल लावतो. माझ्या मते पुष्कळदा दोष त्या न लिहिलेल्या आकड्याचा असतो. म्हणून या विवेचनात साध्या घरगुती केकचा आणि नानकटाईचा विचार त्या आकड्याच्या अंगाने केला आहे.

कामठीची निवड मुद्दाम केली आहे. कन्हान नदीकाठी १८२१ साली इंग्रजांनी इथे छावणी वसवली. गोऱ्या शिपायाच्या रोजच्या शिध्यात पाव असे, त्यामुळे छावणीच्या गावांना भट्टीची ओळख लवकर झाली. पाव, टोस्ट, नानकटाई या गोष्टी अशा गावात परक्या राहत नाहीत. पण भाजण्याची कला छावणीबरोबर आली असे समजू नये. विदर्भातले रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, पानगे पळसाच्या पानात गुंडाळून भाजतात. पश्चिमेला सीकेपी घरांत श्रावणात निनाव होते, कोकणात काकडी, रवा आणि गूळ घालून धोंडस होते. ही दोन्ही पक्वान्ने पूर्वी भांड्याच्या खाली आणि झाकणावर असे दोन्हीकडे निखारे ठेवून भाजत. म्हणजे कोरड्या उष्णतेने वरून-खालून भाजणे आपल्याकडे होतेच. नवे आले ते फुगवणे, आणि केकमधली सगळी अडचण त्या फुगवण्यात आहे.

चार घटकांची कामे

इंग्लंडमध्ये १७४७ साली हॅना ग्लास यांचे पाकशास्त्राचे पुस्तक निघाले. त्यातल्या केकच्या कृतीत लोणी, साखर आणि मैदा एकेक पौंड, शिवाय डझनभर अंडी आहेत, आणि मिश्रण हाताने तासभर फेटायला सांगितले आहे. तासभर फेटायचे कारण उघड आहे: तेव्हा बेकिंग पावडर नव्हती. फेटून जी हवा आत कोंडली जाईल तेवढीच केक फुगवणार. पुढे १८४३ मध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली आणि तो तास वाचला. समभागाची ती चौकट मात्र आजही उपयोगाची आहे, कारण कोणताही केक तिच्यापासून किती ढळला आहे हे पाहिले की त्याचा पोत कसा होईल याचा अंदाज बांधता येतो.

मैदा आणि अंडी केकला उभे करतात. साखर आणि स्निग्ध पदार्थ त्याला मऊ करतात. मैद्यातली प्रथिने पाण्याशी मिळून चिवट जाळे बनवतात. पोळीला ते हवे असते, केकला नको असते, म्हणून मैदा घातल्यावर मिश्रण फार ढवळायचे नाही. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवावा. नंतरही फेटत राहिले तर केकच्या आत उभे बोगदे पडतात आणि घास रबरासारखा लागतो.

साखरेबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. साखर गोडीसाठी असते आणि गोड कमी आवडत असेल तर निम्मी घालावी, असे सर्रास केले जाते. साखर पाणी धरून ठेवते. गव्हातले पिष्ठ नुसत्या पाण्यात साधारण ६० अंशांच्या आसपास फुलू लागते. भरपूर साखर असेल तर हाच टप्पा ८०-९० अंशांपर्यंत पुढे जातो. केक पक्का व्हायला उशीर होतो आणि वायूला तेवढा वेळ फुगायला मिळतो. साखर निम्मी केली की केक लवकर आवळतो, कमी फुगतो आणि दुसऱ्या दिवशी भुगा होतो. एक चतुर्थांशापर्यंत कपात चालते, त्यापुढे नाही.

कणकेचा केक करायचा असेल तर कोंड्याचा विचार करावा. कोंड्याचे कण वायूचे बुडबुडे धरणाऱ्या पातळ भिंती फोडतात. शिवाय चक्कीच्या दगडी पात्यांत पिष्ठाचे कण चिरडले जातात, त्यामुळे कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. निम्मा मैदा काढून लोकवनची कणीक घातली तर दोन-तीन मोठे चमचे दूध वाढवावे आणि मिश्रण दहा मिनिटे मुरू द्यावे. सोडा किंवा बेकिंग पावडर त्यानंतर घालावी.

मापांविषयी एवढेच सांगतो की वाटी हे माप नाही. एका घरातली वाटी १५० मिलिलीटरची, दुसऱ्या घरातली २०० ची. सगळेच जिन्नस एकाच वाटीने मोजले तर प्रमाण टिकते, पण अंडे वाटीने मोजत नाहीत आणि सोडा चमच्याने जातो, तिथे हिशेब बिघडतो. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घेणे हे केकसाठी ओव्हन घेण्याहून अधिक महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

वायूचा हिशेब

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. आंबट पदार्थाशी त्याची गाठ पडली की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटतो. आंबट काही नसेल तर नुसत्या उष्णतेने तो विघटित होतो, पण तेव्हा निम्माच वायू मिळतो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. केकला साबणासारखी चव आणि पिवळट झाक येते ती त्याने.

हे आकड्यांत पाहू. अर्धा लहान चमचा सोडा म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम. पुरेसे आम्ल मिळाले तर त्यातून खोलीच्या तापमानाला जवळपास पाऊण लीटर वायू सुटतो, आणि केकच्या आतल्या ९५-१०० अंशांना तोच प्रसरण पावून ९०० मिलिलीटरच्या आसपास जातो. एका मध्यम केकचे मिश्रणच अर्ध्या-पाऊण लीटरचे असते. म्हणजे अर्धा चमचा पुरून उरतो. तरीही 'जरा जास्त फुगावा' म्हणून लोक एक चमचा घालतात. मग बुडबुडे मोठे होऊन एकमेकांत मिसळतात, वर येऊन फुटतात, आणि केक आधी भरभरून वर येऊन ओव्हनमध्येच मधोमध खचतो.

सोड्याला पुरेल एवढे आम्ल कुठून येते? दही सर्वांत हाताशी असते. साध्या दह्यात एक टक्क्याच्या आसपास लॅक्टिक आम्ल असते. २४० ग्रॅम दह्यातले आम्ल सुमारे दोन ग्रॅम सोडा संपवते. 'कपभर दह्याला अर्धा चमचा सोडा' हा घरोघरचा ठोकताळा रसायनाच्या हिशेबाला बराच जवळ आहे. कामठीच्या उन्हाळ्यात मात्र तो ढळतो. संध्याकाळी विरजलेले दही सकाळी बाहेरच राहिले तर दुपारपर्यंत ते दात आंबवते. त्यातले आम्ल बरेच वाढलेले असते. अशा दह्याला तेवढाच सोडा घातला तर केक आंबट लागतो आणि वरून फिकट राहतो, कारण आम्लात तपकिरी रंग धरणे मंदावते. उन्हाळ्यात दही लागले की लगेच फ्रीजमध्ये टाकावे आणि थेट तिथूनच मिश्रणात घ्यावे.

थंड दही घेण्याला दुसरेही कारण आहे. ४० अंशांच्या मिश्रणात सोडा आणि दही यांची प्रक्रिया २० अंशांपेक्षा फार वेगाने होते. बेकिंग पावडरमध्ये दोन टप्प्यांची आम्ले असतात. पहिले ओले होताच काम सुरू करते, दुसरे भट्टीच्या उष्णतेची वाट पाहते. तापलेल्या घरात पहिल्या टप्प्याचा वायू ओट्यावरच निघून जातो. मे महिन्यात भांडे आधी तयार ठेवावे, भट्टी आधी तापवावी, आणि सोडा घातल्यापासून पाच-सात मिनिटांत मिश्रण आत जावे.

बिनअंड्याचा रवा केक हे याचे चांगले उदाहरण. बारीक रवा १८० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, दही २४० ग्रॅम आणि तेल ८० मिलिलीटर एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवायचे. रव्याचा कण मोठा असतो आणि पाणी आतवर जायला वेळ लागतो. हा अर्धा तास वाचवला तर केक खाताना दाताखाली कचकचतो. मुरल्यावर मिश्रण घट्ट होते, त्यात ६० ते ८० मिलिलीटर थंड दूध घालून सैल करायचे आणि अगदी शेवटी अर्धा चमचा सोडा. उन्हाळ्यात मुरवण्याचा तो अर्धा तास फ्रीजमध्ये द्यावा. १८ सेंटीमीटरच्या भांड्यात १७० अंशांवर हा केक साधारण ४० मिनिटांत होतो. निनाव आणि धोंडस खाऊन वाढलेल्या जिभेला याचा दाणेदार पोत मैद्याच्या केकपेक्षा अधिक ओळखीचा वाटेल.

लोणी की तेल

बटर आणि साखर एकत्र फेटताना साखरेच्या धारदार कणांनी लोण्यात असंख्य बारीक पोकळ्या पडतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही. ती याच पोकळ्या फुगवते. त्या टिकायला लोणी घट्ट पण लवचीक हवे, म्हणजे १८ ते २० अंशांचे. ३०-३२ अंशांपुढे ते ढासळू लागते, मग कितीही फेटा, हवा धरत नाही. उन्हाळ्यात फ्रीजमधून काढलेले बटर कडक ते पातळ हा प्रवास इतक्या झटक्यात करते की मधला लवचीक टप्पा हाती लागत नाही.

एप्रिल ते जून कामठीत बटर फेटून केक करू नये. तेलाचा करावा. तेल हवा धरत नाही, म्हणून फेटण्याचे काम अंड्यांवर सोपवायचे: दोन अंडी आणि पिठीसाखर फिकट, जाडसर आणि दुप्पट होईपर्यंत फेटायची, मग तेलाची बारीक धार सोडायची. उबदार अंडी थंड अंड्यांपेक्षा लवकर फुलतात, तेव्हा इथे उन्हाळा उलट मदतीला येतो.

हिवाळ्यात गोष्ट उलटी. बटर दगडासारखे असते, ते चौकोनी तुकडे करून कोमट पाण्यावर भांडे धरून मऊ करावे लागते. फेटलेल्या लोण्यात गार अंडी पडली की मिश्रण फाटते आणि पनीर फुटल्यासारखे दिसते. फाटलेल्या मिश्रणातून कोंडलेली हवा निसटते. अंडी पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवली आणि एकेक करून घातली तर हे टळते.

कढईतला केक

ओव्हन नसेल तर कुकरमध्ये केक करा, असे सांगितले जाते. प्रेशर कुकर कोरडा तापवू नये असे बनवणारेच सांगतात, तेव्हा जाड बुडाची लोखंडी कढई आणि घट्ट बसणारे घुमटाकार झाकण घेणे बरे. तळाला बोटभर मीठ किंवा वाळू, त्यावर जाळीचे स्टँड. मीठ उष्णता साठवते आणि आचेतले चढउतार पचवते. झाकण घुमटाकार हवे ते वाफेसाठी. सपाट झाकणावर साचलेले पाणी केकवर टपकते, घुमटावरून कडेने ओघळते.

मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे तापवल्यावर एका वाटीच्या बुडावर चिमूटभर मैदा पसरून आत ठेवावा. पाच मिनिटांत तो फिकट सोनेरी झाला तर उष्णता बेताची आहे. पांढराच राहिला तर अजून तापवा, तपकिरी झाला तर आच कमी करा. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनीही त्याच्या बटणावर आंधळा विश्वास ठेवू नये. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ओव्हन १८० वर ठेवून चमचाभर साखर पंधरा मिनिटे आत ठेवावी. ती वितळली तर ओव्हन सांगतो त्यापेक्षा जास्त तापतो आहे. १९० वर ठेवूनही कोरडीच राहिली तर कमी तापतो आहे.

कढईतला केक वरून पांढरा राहतो, कारण वरच्या पृष्ठभागाला १४० अंशांपुढची कोरडी उष्णता मिळत नाही आणि तेवढ्याशिवाय रंग व वास चांगला उतरत नाही. उपाय जुनाच आहे: वरून विस्तव. निखारे नसले तर शेवटच्या दहा मिनिटांत दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा खणखणीत तापवून झाकणाच्या जागी पालथा घालावा. पहिली पंचवीस मिनिटे झाकण अजिबात उघडायचे नाही, कारण तोवर बुडबुड्यांच्या भिंती ओल्या असतात आणि गार हवा लागताच बसतात. आणि कूलर गॅसच्या दिशेने असेल तर तो बंद करावा. ज्योत एका बाजूला झुकली की केक तिरका भाजला जातो.

संत्र्याचा केक

नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. दोन्ही वेळी हवा केकला अनुकूल असते, आणि कामठीत संत्री न वापरता बाटलीतला अर्क वापरणे मला पटत नाही.

संत्र्याचा सुगंध मुख्यतः सालीत आहे, रसात आंबटगोडी आहे. सालीच्या नारिंगी पापुद्र्यातल्या तेलग्रंथी उघडायला बारीक किसणी लागते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे सोललेल्या सालीवर किसणी नीट चालत नाही. फळ अखंड असतानाच किसावे आणि तो कीस मोजलेल्या साखरेत बोटांनी चोळावा. साखर ओलसर नारिंगी होते आणि सगळे सुगंधी तेल तिच्यात उतरते. रसाचा एक धोका आहे. बिया आणि पडदे चिरडून काढलेला रस ताजा असताना गोड लागतो, पण थोडा वेळ ठेवला किंवा तापवला की कडवटतो. आंबट रसात लिमोनिन नावाचे कडू द्रव्य सावकाश तयार होत जाते, म्हणून असे होते. बिया काढून, फोडी मिक्सरमध्ये न घालता हाताने दाबून रस काढावा, लगेच वापरावा आणि उकळून आटवू नये.

प्रमाण असे: मैदा १५० ग्रॅम, साखर १३० ग्रॅम, दोन अंडी, तेल ८० मिलिलीटर, रस ८० मिलिलीटर, दोन संत्र्यांचा कीस, एक लहान चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमच्याच्या निम्मा सोडा. सोडा इतका थोडा का? ८० मिलिलीटर रसातले आम्ल पाऊण ग्रॅमच्या आसपास सोडाच संपवू शकते, त्याहून जास्त घातला तर तो शिल्लक राहून संत्र्याचा वास मारतो. अंडी-साखर फेटून, तेल घालून, मग चाळलेला मैदा आणि रस आलटून पालटून दोन-तीनदा घालायचे. १७० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे. कढईत दहा मिनिटे जास्त धरावी. विणकामाची सुई कोरडी निघाली आणि कडा भांड्यापासून सुटल्या की झाला.

नानकटाई

दिवाळीच्या आधी तूप, मैदा आणि पिठीसाखर घरून नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणण्याची रीत होती, काही ठिकाणी अजून आहे. त्या नानकटाईला जी खुसखुशीत भाजणी मिळे तिचे कारण उतरती भट्टी. विटांची भट्टी लाकडाने तापवून आधी पाव भाजतात. पाव निघाल्यावर विस्तव विझलेला असतो आणि विटांची उष्णता हळूहळू उतरत असते. त्या उतरत्या आचेत नानकटाई आधी पक्की होते आणि मग सावकाश कोरडी होत जाते. घरच्या ओव्हनमध्ये याची नक्कल सोपी आहे: १७० अंशांवर दहा-बारा मिनिटे, मग १४० वर आणखी आठ-दहा, आणि बंद करून दार किंचित उघडे ठेवून पाच मिनिटे आतच.

मैदा १५० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, तूप १०० ते ११० ग्रॅम, चिमूटभर सोडा, वेलदोडा. पाणी नाही, त्यामुळे चिवट जाळे बनत नाही आणि घास विरघळतो. इथे खोलीचे तापमान केकपेक्षाही जास्त छळते. मे महिन्यात तूप पातळ असते, आणि पातळ तुपात मळलेले गोळे भट्टीत पक्के होण्याआधीच पसरून चपटे होतात. तूप थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून, लोण्यासारखे दाट झाल्यावर साखरेबरोबर पांढरे होईपर्यंत फेटावे, गोळे ताटात मांडून वीस मिनिटे गार करावेत आणि थेट तापल्या ओव्हनमध्ये घालावेत.

भाजल्यानंतर

केक भांड्यात दहा मिनिटे, मग जाळीवर. गरम केक डब्यात भरला की वाफ कोंडते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते. फ्रीजमध्ये ठेवणे हा सरधोपट उपाय वाटतो, पण पिष्ठ पुन्हा घट्ट होण्याचा वेग फ्रीजच्याच तापमानाला सर्वांत जास्त असतो; केक बुरसत नाही, पण शिळा लवकर होतो. तेलाचा केक यात बटरच्या केकपेक्षा बरा, कारण तेल फ्रीजमध्ये गोठून कडक होत नाही. जास्त दिवस ठेवायचा असेल तर तुकडे करून, एकेक गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवावेत. तिथे शिळे होणे जवळपास थांबते.

नानकटाईसाठी उन्हाळ्यात कूलरची खोली टाळावी. बाहेरची लू कोरडी असते, पण वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या पडद्यातून येणारी कूलरची हवा ओलसर असते आणि उघड्या ताटातली नानकटाई तासाभरात सादळते. गार झाल्याबरोबर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावी; सादळलीच तर १४० अंशांवर सहा-सात मिनिटे ठेवून पूर्ण गार होऊ द्यावी.